बोट कापण्याआधी रक्त मोजा: पायाच्या धमन्यांची अँजिओप्लास्टी, पायरी पायरीने

अंगठ्याला चप्पल लागते, छोटी जखम होते, महिना झाला तरी सुकत नाही. मग कडा काळी पडते आणि कुणीतरी सांगतं, ‘बोट काढावं लागेल.’ बोट काढलं की ती जखमही भरत नाही, पुढे पाऊल जातं, मग गुडघ्याखालचा पाय. गोव्यात मधुमेह असलेल्या घरांना हा क्रम नवा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यातच आढळलं: २६.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त.

या क्रमातली चूक बहुतेक वेळा एकच असते. जखम दिसते म्हणून जखमेवर उपचार होतात. जखमेपर्यंत रक्त पोचतं का, हे कुणी मोजतच नाही. मांडीतली किंवा पोटरीतली धमनी बंद असेल तर कितीही भारी अँटिबायोटिक द्या, ते रक्तातूनच जाणार आणि रक्तच पोचत नाही. बंद धमनी उघडण्यासाठी आज बहुधा पाय चिरावा लागत नाही. जांघेत दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्रातून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, घालून ती फुग्याने रुंद करता येते. हीच अँजिओप्लास्टी. हे काम कसं होतं, त्याआधी काय तपासायचं, नंतर काय सांभाळायचं आणि कुठे बिघडतं, ते रुग्णाला आणि त्याच्याबरोबर इस्पितळात जाणाऱ्या घरच्या माणसाला नीट कळावं म्हणून इथे क्रमाने मांडलं आहे.

दुखणं धमनीचं की मणक्याचं

धमनी अरुंद झाली की बसल्या जागी त्रास नसतो. चालायला लागलं की ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते, आवळल्यासारखी होते. थांबलं की दोन ते पाच मिनिटांत सुटते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा भरते. म्हापशाच्या बाजारात दर शंभर पावलांवर दुकानापुढे उभा राहून माल बघणारे एखादे काका खरं तर पोटरी सुटण्याची वाट बघत असतात. पणजीत आल्तिनोचा चढ चढताना हे अंतर आणखी कमी होतं, कारण चढावर स्नायूला रक्त जास्त लागतं.

मणक्यातली नस दबल्यामुळेही चालताना पाय दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहून बरं वाटत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. धमनीच्या दुखण्यात उभ्याउभ्याच आराम पडतो. हा एक प्रश्न नीट विचारला तरी निम्मं निदान होतं.

पुढची अवस्था रात्रीची. आडवं झालं की पावलात आग होते, खाटेखाली पाय लोंबकळत ठेवला की बरं वाटतं, म्हणून माणूस खुर्चीत बसून झोपू लागतो. गुरुत्वाकर्षणाने थोडं रक्त खाली उतरतं, तेवढ्यावर पाऊल तग धरून असतं. ही स्थिती, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा काळं पडलेलं बोट, यांपैकी काहीही असेल तर पाय धोक्यात आहे असं समजावं. मधुमेहात मात्र नसा बधिर झालेल्या असतात. दुखण्याचा इशारा मिळतच नाही, थेट जखमच दिसते. देवळाच्या प्रांगणात दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून फोड आला आणि कळलंही नाही, असं ज्याच्या बाबतीत होतं त्याने तपासणीसाठी दुखण्याची वाट बघू नये.

घरी हाताने काय बघता येतं

पावलात दोन ठिकाणी नाडी लागते. पहिली पावलाच्या वरच्या बाजूला. अंगठा वर उचलायला सांगा, अंगठ्याकडे जाणारी दोरीसारखी स्नायूची शीर ताणलेली दिसेल. तिच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या दिशेने, साधारण एका बोटाच्या अंतरावर तीन बोटांची टोकं हलकी टेकवा. दुसरी नाडी आतल्या घोट्याच्या मागे, घोट्याचं हाड आणि टाचेची शीर यांच्यामधल्या खळग्यात असते. दाबू नका. जोरात दाबलं की नाडी बंद होते, किंवा स्वतःच्याच बोटातली नाडी जाणवू लागते. खात्री करायची असेल तर दुसऱ्या हाताने रुग्णाच्या मनगटाची नाडी धरा. दोन्ही एकाच तालात असतील तर ती रुग्णाचीच.

मग रुग्णाला उताणं झोपवून पाय साधारण ४५ अंश वर उचलून एक-दोन मिनिटं धरा. तळवा पांढराफटक पडला आणि नंतर पाय खाटेखाली सोडल्यावर हळूहळू गडद लाल-जांभळा झाला, तर रक्तपुरवठा बराच कमी आहे. ती लाली बघून ‘रक्त चांगलं आलं’ असं घरच्यांना वाटतं. ते उलटं आहे. ऑक्सिजनला आसुसलेल्या बारीक वाहिन्या पूर्ण उघडल्या गेल्या, म्हणून ती लाली येते.

नाडी लागली नाही म्हणजे धमनी बंदच आहे असं नाही, आणि लागली म्हणजे सगळं ठीक असंही नाही. पुढची पायरी मोजमापाची.

घोट्याचा दाब आणि एक भागाकार

ही तपासणी स्वस्त आहे आणि पंधरा मिनिटांत होते, तरी सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच. रुग्णाला दहा मिनिटं आडवं ठेवायचं. दोन्ही दंडांचा वरचा रक्तदाब हातातल्या छोट्या डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, मोजायचा. मग घोट्याच्या वर पट्टा बांधून पावलावरच्या आणि घोट्यामागच्या अशा दोन्ही नाड्यांवर दाब मोजायचा. घोट्याचा जास्तीचा आकडा भागिले दंडाचा जास्तीचा आकडा. समजा दंडाचा दाब १५० आणि घोट्याचा ८४, तर उत्तर ०.५६.

१.०० ते १.४० हे सामान्य. ०.९० किंवा त्याखाली म्हणजे पायाच्या धमनीचा आजार आहे. ०.४० च्या खाली पाय गंभीर धोक्यात. १.४० च्या वर गेलं तर खूश होऊ नका. जुन्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमनीच्या भिंतीत चुना (कॅल्शियम) साचतो, ती पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा खोटा वाढतो. गोव्यातल्या मधुमेहींमध्ये फसवणूक होते ती नेमकी इथे: ‘१.५ आहे, उत्तम’ असं म्हणून रुग्ण घरी पाठवला जातो आणि बोट काळं पडत राहतं. अशा वेळी अंगठ्याचा दाब बघावा, कारण बोटांच्या बारीक धमन्यांत चुना सहसा कमी असतो. अंगठ्याचा दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा जवळजवळ नसते.

पू आधी, रक्त मग, कापणं शेवटी

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा, नाहीतर या लेखाचा चुकीचा अर्थ निघेल. पावलात पू साठला असेल, सूज वर चढत असेल, ताप असेल, दुर्गंधी येत असेल, तर पू त्याच दिवशी काढावा लागतो. त्यासाठी अँजिओप्लास्टीची तारीख बघत बसायचं नसतं, कारण मधुमेही पावलातला संसर्ग रात्रीत पसरतो. पण पू काढण्यासाठी चिरा देणं वेगळं आणि बोट कायमचं कापून टाके घालणं वेगळं. कोरडं, काळं, सुरकुतलेलं, संसर्ग नसलेलं बोट थांबू शकतं. आधी धमनी उघडावी. मग काही दिवसांत जिवंत आणि मृत भागाची सीमा स्पष्ट होते आणि कापायचंच झालं तर कमी कापावं लागतं, शिवाय ती जखम भरतेही.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न साधा आहे: ‘या पायाचा दाब किती आहे, आणि बोट काढलं तर ती जखम भरेल एवढं रक्त आहे का?’

धमन्यांचा नकाशा

दाब कमी निघाला की अडथळा कुठे आहे ते बघायचं. कलर डॉपलर सोनोग्राफीत किरणं नसतात, डाय (चित्रात धमन्या उमटवणारा द्रव) लागत नाही, आणि मांडीतल्या धमनीची लांबी-रुंदी त्यात चांगली कळते. पोटातल्या धमन्या वायूमुळे आणि पोटरीतल्या चुन्यामुळे नीट दिसत नाहीत. सीटी अँजिओग्राफीत ओटीपोटापासून पावलापर्यंत सगळा नकाशा एकदम मिळतो, पण त्यासाठी साधारण १०० मिलिलिटर आयोडीनयुक्त डाय शिरेतून द्यावा लागतो. क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर डाय मूत्रपिंडाला जड जाऊ शकतो. अशा रुग्णात पुष्कळदा डॉपलरवरच बेत आखून थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे कॅथेटरचं काम होतं त्या खोलीत, जातात आणि तिथे बेतानेच डाय वापरतात. जांघेखालच्या धमन्यांसाठी कार्बन डायऑक्साइड वायू सोडूनही चित्र घेता येतं. तो रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो.

काणकोण, सांगे किंवा सत्तरीतून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) येणाऱ्यांनी सीटीचा छापील अहवालच नव्हे, तर सीडीही बरोबर आणावी. ‘मांडीतली धमनी बंद’ एवढ्या ओळीवर कुणी वायर घालत नाही. बंद भाग किती सेंटिमीटरचा आहे, पुढे कुठली वाहिनी उघडी आहे, चुना गोल कड्यासारखा आहे का, हे प्रत्यक्ष चित्रात बघावं लागतं. सीडी घरी राहिली तर एक फेरी फुकट जाते किंवा डाय पुन्हा द्यावा लागतो.

कॅथेटर की बायपास

बायपास म्हणजे शस्त्रक्रियेने शीर जोडून रक्ताला अडथळ्याभोवती नवी वाट देणं. दोन्ही पद्धती चांगल्या, प्रश्न कुणाला कुठली हा आहे. २०२२ मधल्या बेस्ट-सीएलआय या मोठ्या चाचणीत ज्यांच्या पायातली लांब शीर बायपाससाठी उत्तम होती, त्यांना बायपासचा फायदा जास्त झाला. २०२३ मधल्या बेसिल-२ चाचणीत गुडघ्याखालच्या आजारात मात्र आधी कॅथेटरने उपचार केलेल्यांचा पाय आणि जीव जास्त वाचला. आमचं मत असं: मोठा छेद आणि पूर्ण भूल सोसण्याइतकं हृदय बळकट आहे, शीर चांगली आहे आणि मांडीपासून पोटरीपर्यंत लांबलचक अडथळा आहे, तर बायपासचा सल्ला मोकळ्या मनाने ऐकावा. वय झालेलं, हृदय दुबळं, डायलिसिस चालू किंवा शीर नाही, तर कॅथेटर आधी. नुसतं चालताना पोटरी दुखत असेल आणि जखम नसेल, तर दोन्हीआधी किमान बारा आठवडे चालण्याचा व्यायाम, तंबाखू बंद आणि औषधं. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

खर्चाचं आधीच बघा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना किमान पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. कार्डाचं नूतनीकरण झालंय का आणि आपला उपचार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो, हे दाखल होण्यापूर्वी इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर विचारून घ्यावं. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी), औषधी फुगा आणि साधा फुगा यांची किंमत वेगवेगळी असते. ‘गरज पडली तर काय वापरणार, आणि ते पॅकेजमध्ये आहे का’ हेही आधीच विचारा. टेबलावर झोपल्यावर ही चर्चा होऊ नये.

आदल्या आठवड्यापासूनची तयारी

क्रिएटिनीन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्त गोठण्याची चाचणी, ईसीजी. अ‍ॅस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. वॉरफरिन घेणाऱ्याला साधारण पाच दिवस आधी ते थांबवून तपासणी करावी लागते, पण हृदयात कृत्रिम झडप असेल तर मध्ये इंजेक्शनं लागू शकतात, म्हणून हे आपल्या मनाने करू नये. मेटफॉर्मिन, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर, त्या दिवशी थांबवून ४८ तासांनी क्रिएटिनीन बघून पुन्हा सुरू करतात. इन्सुलिनची मात्रा उपाशी दिवसासाठी वेगळी असते, ती लिहून घ्या. जड जेवण सहा तास आधी बंद.

गोव्यात हमखास येणारा एक प्रश्न: ‘मला सुंगटं, तिसऱ्या चालत नाहीत, अंगावर पित्त उठतं. आयोडीनचा डाय चालेल का?’ चालतो. कोळंबी-शिंपल्यांची अ‍ॅलर्जी त्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. डायसाठी काळजी घ्यायची ती आधी कधी डायनेच पुरळ, दम किंवा चक्कर आली असेल तर. मग स्टिरॉइडच्या गोळ्या आदल्या रात्रीपासून ठरावीक तासांनी देतात. माशांच्या अ‍ॅलर्जीपायी तपासणीच रद्द करून परतलेल्या माणसाचे मोलाचे दिवस जातात, म्हणून हे इतकं लांबवून सांगितलं.

कॅथलॅबमध्ये काय होतं

हे काम पहिल्यांदा झालं तेही असाच पाय वाचवण्यासाठी. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंची मांडीतली अरुंद धमनी एकात एक जाड होत जाणारी कॅथेटरं सरकवून रुंद केली. बोटं काळी पडली होती आणि पाय कापून घ्यायला त्या तयार नव्हत्या. पाय वाचला, त्या पुढे त्याच पायांवर चालल्या. फुगा आला दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग यांच्या हातून. हृदयाची अँजिओप्लास्टी त्याच्याही नंतरची, १९७७ ची.

रुग्ण जागा असतो. जांघेत जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात, दहा सेकंद चुरचुरतं. मग सोनोग्राफीत बघत सुई धमनीत जाते. सुई कुठे टोचली यावर पुढच्या चोवीस तासांची सुरक्षितता ठरते. धमनी मांडीच्या हाडाच्या गोलाकार डोक्यावरून जाते, टोचायचं ते तिथेच, कारण नंतर दाबताना मागे हाड हवं. सुई जास्त वर गेली तर रक्तस्राव पोटामागे होतो आणि बाहेरून दिसतही नाही. जास्त खाली गेली तर धमनीला फुगवटा येण्याचा धोका. सुईतून बारीक वायर, वायरवरून शीथ नावाची नळी. नळीचा आकार फ्रेंच या मापात सांगतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. पायासाठी बहुधा सहा फ्रेंच, म्हणजे आतून दोन मिलिमीटरची. दुसऱ्या पायाच्या जांघेतून वर जाऊन पोटातल्या दुभाजकावरून आजारी पायात उतरता येतं, किंवा त्याच पायात खालच्या दिशेने जाता येतं. पोटरीतल्या आजाराला दुसरा मार्ग सोयीचा, कारण वायर आणि फुगा जवळून जास्त ताबा देतात. पण लठ्ठ पोट जांघेवर येत असेल तर तो कठीण.

नळी बसली की हेपरिन देतात, साधारण ७० ते १०० युनिट प्रति किलो, म्हणजे नळीभोवती गुठळी होत नाही. डाय सोडला की पायात गरम लाट उतरल्यासारखी वाटते. ‘हलू नका’ म्हणतात तेव्हा खरोखर हलू नये. पडद्यावरचं चित्र आधीच्या चित्रातून वजा करून तयार होतं, पाय सेंटिमीटरभर सरकला तरी ते पुसट होतं आणि डाय पुन्हा द्यावा लागतो.

खरं कौशल्य वायर पलीकडे नेण्यात आहे. पूर्ण बंद धमनीत पाण्यात बुळबुळीत होणारी वायर आणि तिला आधार देणारं बारीक कॅथेटर आळीपाळीने पुढे सरकवतात. कधी वायर मधल्या वाटेने न जाता भिंतीच्या थरांत शिरते, चुना टाळून पुढे जाते आणि अडथळ्यापलीकडे पुन्हा आतल्या वाटेत येते. तेही चालतं, आतल्या वाटेत परतली याची खात्री झाली पाहिजे एवढंच. वरून जमलं नाही तर घोट्याजवळच्या धमनीत सुई टोचून खालून वर वायर नेतात. एवढं करूनही दोन-अडीच तासांत जमलं नाही तर थांबणं हाही योग्य निर्णय असतो. डाय आणि किरणं यांची मर्यादा असते. दुसऱ्या दिवशी ताज्या मनाने पुन्हा प्रयत्न किंवा बायपास.

वायर गेली की फुगा. त्याचा व्यास जागेप्रमाणे असतो: ओटीपोटातल्या धमनीला सात ते दहा मिलिमीटर, मांडीत पाच-सहा, गुडघ्यामागे चार-पाच, पोटरीत अडीच ते साडेतीन. डाय मिसळलेल्या सलाईनने तो आठ-दहा वातावरण दाबाने फुगवतात आणि दोन-तीन मिनिटं तसाच ठेवतात. पडद्यावर बघितलं तर अडथळ्याच्या जागी फुग्याला आधी कंबर दिसते, डमरूसारखी. दाब वाढत जातो आणि एका क्षणी कंबर नाहीशी होऊन फुगा सरळ होतो. तेवढ्यात पायात बोथट ओढ जाणवते, ती अपेक्षित आहे. ती तीव्र, फाडल्यासारखी झाली तर त्याच क्षणी सांगा. धमनीचा बाहेरचा थर ताणला जातोय याचा तो इशारा असतो आणि पडद्याआधी रुग्णालाच कळतो. म्हणून पूर्ण भूल न देण्याला अर्थ आहे.

फुगा काढल्यावर तीन गोष्टी बघतात: धमनी पुन्हा आकसली का, आतला थर फाटून वाटेत लोंबतोय का, आणि तुकडा सुटून खाली अडकला का. ३० टक्क्यांहून जास्त अरुंदपणा उरला किंवा फाटलेल्या थराने प्रवाह अडवला तर स्टेंट. मांडीत लवचीक निटिनॉल धातूचा, आपोआप उघडणारा. गुडघ्यामागे शक्यतो नाही. आपण मांडी घालून बसतो, उकिडवे बसतो, तिथे धमनी दिवसातून शंभरदा दुमडते आणि स्टेंट तुटतो. फुग्याची कंबर मोडतच नसेल इतका चुना असेल तर ध्वनिलहरींनी चुना तडकवणारा खास फुगा वापरतात.

मांडीसाठी पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेले फुगेही आहेत. धमनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण त्यांनी कमी होतं. २०१८ च्या शेवटी त्यांच्यामुळे मृत्यू वाढतात अशी शंका निघाली होती. पुढच्या माहितीतून तिला दुजोरा मिळाला नाही आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२३ मध्ये तसं जाहीर केलं. इंटरनेटवर जुनी बातमी वाचून घाबरायचं कारण नाही.

काम संपलं कधी म्हणायचं? जखम असलेल्या पायात किमान एक वाहिनी सलग पावलापर्यंत वाहती हवी, शक्यतो जखमेच्या भागाला रक्त देणारी. मांडी सुंदर उघडली पण पोटरीतल्या तिन्ही बंदच राहिल्या, तर चित्र छान दिसतं, बोट मात्र वाचत नाही.

पहिले चोवीस तास

नळी काढून हाताने पंधरा ते वीस मिनिटं दाबतात. नळी वरच्या दिशेने घातली असेल तर त्वचेवरच्या छिद्रापेक्षा धमनीतलं छिद्र थोडं वर असतं, म्हणून बोटं छिद्राच्या जरा वर हवीत. नुसत्या छिद्रावर कापूस दाबून धरला तर बाहेर कोरडं आणि आत गाठ वाढत असते. मग चार ते सहा तास पाय सरळ ठेवून उताणं. शिवणारं उपकरण वापरलं तर वेळ कमी. खोकला, शिंक, हसू आलं तर पट्टीवर हात दाबून धरा.

सोबतच्या माणसाने रात्री पट्टी, जांघेतली सूज आणि पावलाची ऊब बघत राहावं. रुग्ण घामेजला, नाडी वाढली, दाब उतरला आणि कमरेत किंवा पोटाच्या कडेला दुखू लागलं, तर जांघ कोरडी असली तरी नर्सला ताबडतोब बोलवा. तो पोटामागचा रक्तस्राव असू शकतो. ‘पडून पडून कंबर धरली’ म्हणून तो दुर्लक्षिला जातो.

घरी आल्यावर आठवडाभर भारतीय पद्धतीचा संडास नको, पाच किलोपेक्षा जास्त ओझं नको, आणि स्कूटरही नको, ना चालवायची ना मागे पाय फाकून बसायची. विहिरीवरून कळशी आणणं याच ओझ्यात मोडतं. अचानक रक्त आलं तर तिथल्या तिथे आडवं व्हा, दुसऱ्याने तीन बोटांनी छिद्राच्या वर घट्ट दाबावं, मध्ये उचलून बघू नये, १०८ ला फोन करावा. काही दिवसांनी जांघेत धडधडणारी गाठ लागली तर सोनोग्राफी करून घ्या. फुगवटा असेल तर तो बहुधा एका इंजेक्शनने बंद होतो. दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनीन तपासायला विसरू नका.

पाऊल सुजतं, कधी आठवडे सुजलेलं राहतं. बऱ्याच दिवसांनी रक्त आल्याची ती खूण असते. पण पोटरी दगडासारखी कडक होऊन असह्य दुखू लागली तर लगेच परत या.

पुढचे महिने

उघडलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते, पोटरीतली तर पहिल्या काही महिन्यांतच. म्हणजे जखम भरायला मिळालेली ही मुदत आहे आणि ती वाया जाऊ देऊ नये. जखमेची ड्रेसिंग, पुढच्या पावलावर वजन न येऊ देणारी पादत्राणं, साखर, सगळं याच काळात नेटाने करायचं. पावसाळ्यात शेतात किंवा कुळागरात पाणी तुंबलेलं असतं. जखम असेपर्यंत तिथे उतरूच नये. जखम भरल्यावरही गमबूट कोरडे करून, आत हात घालून खडा-काटा नाही ना ते बघून घालावेत. बोटांच्या बेचकीत पुसून कोरडं ठेवा, तेल-क्रीम तिथे नको.

अ‍ॅस्पिरिन आयुष्यभर. त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल एक ते सहा महिने, किंवा रक्तस्रावाचा धोका कमी असेल तर रिव्हरोक्साबान २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. २०२० मधल्या व्हॉयेजर चाचणीनंतर हा दुसरा मार्ग रूढ होतो आहे. दात काढायचा आहे म्हणून कुणी परस्पर गोळ्या बंद करायला सांगितल्या तर आधी फोन करून विचारा. स्टॅटिन कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ असलं तरी घ्यायचं. वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली, जमल्यास ५५ च्या. सिलोस्टाझोलने चालण्याचं अंतर वाढतं, पण हृदय दुबळं असेल तर ते अजिबात चालत नाही.

चालायचं कसं: दुखेपर्यंत चाला, पोटरी बऱ्यापैकी भरली की थांबा, सुटली की पुन्हा. असं आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी तीस ते पंचेचाळीस मिनिटं. मिरामारसारख्या सपाट किनाऱ्यालगतच्या वाटेवर करा, वाळूत अनवाणी नाही. विडी-सिगारेट चालू ठेवून केलेली अँजिओप्लास्टी टिकत नाही. चाळिशीच्या आतल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषाची बोटं काळी पडत असतील तर तो पुष्कळदा बर्गरचा आजार असतो, आणि तिथे तंबाखू सोडणं हाच मुख्य उपचार आहे, कॅथेटर नव्हे.

घोट्याचा दाब आणि डॉपलर एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. आकडे एका वहीत तारखेसह लिहा. ०.८५ चा ०.६५ झाला तर दुखत नसलं तरी जा. अरुंद झालेली धमनी पुन्हा फुगवणं, पूर्ण बंद पडलेली उघडण्यापेक्षा कितीतरी सोपं.

डायलिसिसच्या हातातल्या फिस्टुलालाही (धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटेलाही) हाच नियम लागू आहे. तिथली थरथर रोज बोटाने बघा. ती मंदावली तर फुग्याने रुंद करता येते. पूर्ण थांबली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

जिथे या पायऱ्या लागू नाहीत

काल चालणारा माणूस आज सकाळी म्हणतो, पाय अचानक गार पडलाय, पांढरा झालाय, प्रचंड दुखतोय, बोटं हलवता येत नाहीत. ही धमनीत गुठळी अडकल्याची लक्षणं आहेत, विशेषतः हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसात. बधिरपणा आणि हालचाल गेली असेल तर सहा तासांत प्रवाह सुरू व्हायला हवा, त्यानंतर स्नायू मरू लागतात. अपॉइंटमेंट नको, सकाळची ओपीडी नको. १०८ बोलवा आणि ‘पाय अचानक गार पडला, नाडी लागत नाही’ याच शब्दांत सांगा, म्हणजे जिथे गुठळी काढायची सोय आहे तिथेच थेट नेता येईल. तोवर पाय उशीवर उंच करू नका, चोळू नका, गरम पिशवी लावू नका. सैल चादरीत झाकून, खाटेच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवा, आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून बरोबर द्या.